एकशेसाठ मिली

रजिस्टरात दोन लिटर अल्कोहोल, दोन लिटर पाणी.
बरणीत भरलं तीन लिटर आठशे चाळीस.
शिमग्याच्या आदल्या आठवड्यात
कोल्हापूरहून आलेल्या तपासनिसाने
चष्मा कपाळावर सरकवून बेरीज पुन्हा केली,
मग आमच्या बाबल तारीकडे पाहिलं.
आधी डोळ्यांकडे.
मग जरा पुढे झुकून, वास घेत.

एकशेसाठ मिली. क्वार्टरला थोडं कमी.

मी शेजारच्या खोलीत होते.
मला ठाऊक होतं.
पण प्रॅक्टिकल परीक्षा चालू होत्या,
तिसऱ्या बाकावरच्या मुलीने ब्युरेट फोडला होता,
म्हटलं, सांगू उद्या.

उद्याचे तीन दिवस झाले.

परमँगनेटचा एक खडा
पाण्याच्या ग्लासात सोडा, आणि ढवळू नका.
आधी एक जांभळी दोरी तळाकडे जाते,
संध्याकाळपर्यंत ग्लासात
बिनजांभळं असं काही उरत नाही.
मालवणचा बाजार त्या ग्लासाएवढाच.
मेमो टाइप होण्याआधी
मासळीवाल्या बायकांना तो पाठ होता.

चौथ्या दिवशी दोन मोजनळ्या घेऊन
प्राचार्य वालावलकरांच्या केबिनमध्ये शिरले.
पन्नासात पन्नास ओतले.
बारीक बुडबुडे वर आले, काच जराशी धुरकट झाली.
"हात लावा, सर."
त्यांनी लावला. "कोमट आहे की हो."
"आता वाचा."
शहाण्णव.

मी बोलत राहिले:
पाण्याचे रेणू, अल्कोहोलचे रेणू,
एकमेकांना धरताना बाहेर पडणारी ऊब,
आणि वजन, सर, वजन मात्र तितकंच, तोलून बघा.
दारात उभा बाबल मध्येच म्हणाला,
"होडयेत गर्दी झाली काय
पोरां बायांच्या मांडयेर बसतत.
माणसां तितकीच. जागा कमी लागता."

त्याचा बाप कोरजाई ते देवबाग
कर्लीच्या मुखावर माणसं उतरवायचा.
तीस वर्षं शिकवलं मी हे,
इतकं सरळ मला एकदाही सांगता आलं नव्हतं.

मेमो फाटला. तुकडे टोपलीत गेले.
तरीही मच्छीबाजारात कुणीतरी हाक मारायचंच:
"काय रे बाबल, वायच उरली हा काय?"
तो हसायचा. बांगडे निवडायचा.
एकदा मी म्हटलं, सगळ्यांना बोलावून दाखवू या का?
म्हणाला, "खाडीचा पाणी कोण येगळा करतलो, बाई?"

करता येतं, खरं तर.
भट्टी लावा, वाफ धरा, थंड करा, पुन्हा भट्टी.
मिसळणं आपोआप होतं,
वेगळं करायला लाकडं जाळावी लागतात.
आणि कितीही जाळली
तरी शेवटचं चार टक्के पाणी
अल्कोहोलचा हात सोडत नाही.
दोघं एकाच तापमानाला उकळतात,
एकाच वाफेतून जातात,
एकत्रच खाली टपकतात.
हे मी फळ्यावर लिहायचे, खडूने अधोरेखित करून,
आणि मागे मुलं उतरवून घ्यायची.

आता आम्ही दोघंही निवृत्त.
परवा त्याच्या होडीतून निघाले होते.
नदीचं हलकं पाणी वरून वाहत असतं,
समुद्राचं जड पाणी खालून घुसतं.
मधली रेघ कुठली, ते बाबल वल्ह्याच्या वजनावरून ओळखतो.
त्याने वल्हं थांबवलं,
ओंजळभर पाणी वरच्या वर उचललं,
"चाखा. हंयसर गोडां आसता."

मी चाखलं.
या वेळी लगेच सांगितलं,
"खारट आहे, बाबल."

त्याने स्वतः चाखून पाहिलं, थुंकला, हसला.
"म्हणजे भरती लागली," म्हणाला,
आणि होडीचं तोंड फिरवलं.